गोळी लिहून देताय, तर तिच्याबद्दल बोलाही

मुंबईच्या पश्चिम उपनगरांतले सर्व फॅमिली डॉक्टर, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि औषधविक्रेते यांना,



मनोरीहून तज्ज्ञ डॉक्टर गाठायचा म्हणजे बोटीने खाडी ओलांडून मार्वे, तिथून बसने नाहीतर रिक्षाने मालाड. दुसरा रस्ता गोराई-उत्तनवरून भाईंदरचा, तो लांबचा. मासळीचा बाजार, स्वयंपाक आणि मुलांची शाळा सांभाळून इथली बाई एवढ्या लांब तुमच्याकडे येते, तेव्हा काय विचारायचं हे तिने मनाशी ठरवलेलं असतं. परत येताना पिशवीत गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट असतं आणि प्रश्न तसेच राहिलेले असतात.

मी डॉक्टर नाही. गावात मुलांच्या शिकवण्या घेते. मुलांना सोडायला येणाऱ्या बायका हळूच पाकीट पुढे करतात आणि म्हणतात, "बाई, यावर काय लिहिलंय, जरा वाचा ना." घड्या घातलेला तो पातळ कागद उलगडला की मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत इंग्रजी मजकूर असतो. पुष्कळदा तो कागदही नसतो, नुसती पट्टी असते. तुम्ही पाच मिनिटांत सांगायला हवं ते मला शब्दकोश घेऊन शोधावं लागतं. म्हणून हे पत्र. तुमच्याविषयी आदर आहे, गोळीलाही माझा विरोध नाही. तक्रार आहे ती तुमच्या मौनाबद्दल.

पहिली तक्रार: गोळी देण्याआधी तुम्ही विचारत नाही.

आमच्या शेजारची एक बाई, वय पस्तिशीच्या पुढे, धाकट्या मुलानंतर गोळ्या घेत होती. पुढे गावातल्या आरोग्य शिबिरात तिचं ब्लडप्रेशर बरंच वाढलेलं निघालं. गोळी सुरू करताना ते मोजलं होतं का, असं मी विचारलं. "मशीन टेबलावर होतं," ती म्हणाली, "पण मोजलं नाय." दाब आधीपासून होता की नंतर वाढला, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. पट्टा दंडाला गुंडाळून आकडा लिहायला मिनिटभर पुरलं असतं.

इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही दोन्ही हार्मोन्स असलेली गोळी कोणाला चालते आणि कोणाला नाही, याचे जागतिक आरोग्य संघटनेचे निकष तुम्हाला पाठ असतील. रक्तदाब 160/100 किंवा त्याहून जास्त असेल तर ही गोळी देऊच नये. 140/90 च्या पुढे असेल तरी शक्यतो दुसरा उपाय शोधावा. पस्तिशीनंतर धूम्रपान करणाऱ्या बाईला ती नको. पायात किंवा फुप्फुसात पूर्वी रक्ताची गाठ झालेल्या बाईला नको. अर्धशिशी सुरू होण्याआधी जिच्या डोळ्यांपुढे नागमोडी रेषा चमकतात, तिलाही नको, कारण तिला पक्षाघाताचा धोका वाढतो. बाळंतपणानंतर पहिले सहा आठवडे अंगावर पाजणाऱ्या आईला नको आणि सहा महिन्यांपर्यंत शक्यतो टाळावी.

यातला प्रत्येक प्रश्न साध्या मराठीत विचारता येतो. तो आमच्या जगण्याला धरून विचारा, एवढीच विनंती. "सिगारेट ओढता का?" असं विचारलंत तर कोळीवाड्यातली बाई नाहीच म्हणणार आणि ते खरंही असेल. पण सकाळी उठल्याबरोबर मशेरी लावणाऱ्या बायका आमच्याकडे आहेत. मशेरीतही तंबाखूच असते, निकोटिन असतं. हृदयाचा आणि रक्तवाहिन्यांचा धोका जोखताना ती हिशेबात धरा. "मशेरी लावता का? किती वेळा?" असं नाव घेऊन विचारलंत तर खरं उत्तर मिळेल.

तसंच टीबीचं. मुंबईत हा आजार दारोदारी आहे. टीबीच्या उपचारातलं रिफाम्पिसिन यकृताला कामाला लावतं आणि गोळीतली हार्मोन्स शरीरातून लवकर बाहेर पडतात. बाई गोळी न चुकता घेते आणि तरीही दिवस जातात. फिट्स येऊ नयेत म्हणून दिली जाणारी काही औषधंही हेच करतात. टीबीचं औषध एका ठिकाणी आणि गोळी दुसऱ्या ठिकाणी मिळत असेल, तर या दोन्हींची गाठ घालून देणं बाईला कसं जमावं? चालू औषधांचं तुम्हीच विचारायला हवं.

दुसरी तक्रार: धोका सांगत नाही, किंवा सांगता तेव्हा त्याचं प्रमाण सांगत नाही.

गावात दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक म्हणते, "डॉक्टर बोलले, काय होत नाय." दुसरी म्हणते, "गोळीने रक्ताच्या गाठी होतात, माणूस मरतं." दोघींनाही आकडा कोणी सांगितलेला नाही. तो असा आहे. मूल होण्याच्या वयातल्या, गोळी न घेणाऱ्या 10,000 बायकांपैकी वर्षभरात साधारण 1 ते 5 जणींच्या शिरांमध्ये रक्ताची गाठ होते. गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण 3 ते 9 आहे. गरोदरपणात 5 ते 20 आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या बारा आठवड्यांत, याच वार्षिक हिशेबाने, 40 ते 65. म्हणजे गोळीने धोका वाढतो हे खरं आणि गरोदरपणात व बाळंतपणानंतर तो त्याहून वाढतो हेही खरं. ही चार वाक्यं ऐकल्यावर कुठलीही समंजस बाई आपला निर्णय आपण घेऊ शकते. नुसतं "काय होत नाय" ऐकलेली बाई पोटरी दुखली तर तेल चोळून झोपते.

आमच्यासाठी ती पोटरी फार महत्त्वाची आहे. एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, अचानक धाप लागणं, छातीत कळ येणं, पूर्वी कधी झाली नाही अशी भयंकर डोकेदुखी, नजर एकाएकी धूसर होणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, पोटात तीव्र दुखणं ही सगळी ताबडतोब दवाखाना गाठायची लक्षणं आहेत. गोळी सुरू केल्यानंतरच्या पहिल्या वर्षात गाठींचा धोका सर्वांत जास्त असतो. रात्रीची शेवटची बोट गेल्यावर आम्हाला उत्तनवरूनच जावं लागतं आणि त्यात वेळ जातो. म्हणून निघायचं कधी, हे आम्हाला आधीच माहीत हवं.

जुन्या बायकांच्या मनातली भीती हवेतून आलेली नाही, हेही समजून घ्या. 1960 साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या पहिल्या गोळीत इस्ट्रोजेनची मात्रा 150 मायक्रोग्रॅम होती. आज सरकारी दवाखान्यात मोफत मिळणाऱ्या 'माला-एन'मध्ये ती 30 आहे. गाठींचा धोका या मात्रेशी निगडित आहे, म्हणून ती कमी होत गेली. आणि ती आपोआप कमी झाली नाही. 1970 च्या जानेवारीत सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांच्या समितीपुढे वॉशिंग्टनमध्ये या गोळीच्या सुरक्षिततेवर सुनावणी झाली. साक्षीला गोळी घेणारी एकही बाई बोलावलेली नव्हती. तेव्हा प्रेक्षकांतल्या तरुणी उभ्या राहिल्या आणि आम्हाला का विचारत नाही, म्हणून जाब मागू लागल्या. त्याच वर्षी गोळीच्या पाकिटात रुग्णासाठी माहितीपत्रक घालणं तिथे सक्तीचं झालं. पाकिटातला तो घडीचा कागद बायकांनी असा भांडून मिळवलेला आहे. आमच्या हाती पडेपर्यंत तो इंग्रजीत अडकावा, याचं मला फार वाईट वाटतं.

तिसरी तक्रार कॅन्सरबद्दलच्या अर्धवट बोलण्याची.

2005 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या गोळ्या कर्करोगकारकांच्या यादीत टाकल्या. तेवढीच बातमी व्हॉट्सअॅपवर फिरते. त्याच संस्थेने काही कॅन्सर या गोळीने कमी होतात हेही नोंदवलं होतं, ते मात्र कोणी पुढे पाठवत नाही. हा हिशेब तुम्ही दोन्ही बाजूंनी मांडायला हवा. डेन्मार्कमधल्या सुमारे 18 लाख स्त्रियांच्या नोंदींवरचा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. हार्मोनची साधनं वापरणाऱ्यांत स्तनाच्या कॅन्सरचा धोका साधारण 20 टक्क्यांनी जास्त दिसला. ऐकायला हे भयंकर वाटतं. पण याचा अर्थ एक लाख बायकांनी वर्षभर ही साधनं वापरली तर सुमारे 13 जास्तीच्या केसेस, आणि तरुण वयात त्याहूनही कमी. पाच वर्षांहून जास्त काळ गोळी घेतली तर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोकाही वाढतो. गोळी बंद केल्यावर तो उतरत जातो. त्यासाठी तपासणी आहे, मुलींसाठी एचपीव्हीची लस आहे. गोळी देताना या दोन्हींची आठवण करून दिलीत तर भीतीचं रूपांतर काळजी घेण्यात होईल.

आता जमेची बाजू. 45 अभ्यास एकत्र करून 2008 साली निघालेला निष्कर्ष असा, की गोळी जितकी वर्षं घेतली जाते तितका बीजांडकोशाच्या कॅन्सरचा धोका घटत जातो, दर पाच वर्षांमागे सुमारे 20 टक्के. पंधरा वर्षं घेतली तर तो जवळजवळ निम्म्यावर येतो आणि गोळी बंद केल्यावरही हे संरक्षण कित्येक वर्षं टिकतं. गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सरही कमी होतो. गोळीचा हा गुण माझ्या ओळखीच्या एकाही बाईला डॉक्टरांनी सांगितलेला नव्हता.

चौथी तक्रार, आणि ती मला सर्वांत जवळची वाटते. गोळीचे फायदे तुम्ही मूल न होण्यापुरतेच ठेवता.

आपल्या देशात निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. पाळीत सात-आठ दिवस अंगावरून जातं, बाई थकते आणि "बायकांचं असंच असतं" म्हणून कामाला लागते. योग्य बाईला दिलेली गोळी हा रक्तस्राव कमी करते, पाळीतलं दुखणं कमी करते, एंडोमेट्रिओसिसच्या वेदनांत आराम देते, पीसीओडीमध्ये पाळी नियमित करते. 'माला-एन'च्या 28 गोळ्यांपैकी 21 हार्मोनच्या आणि उरलेल्या 7 लोहाच्या असतात. पाकीट हातात ठेवताना हे सांगितलं जात नाही. मग त्या सात गोळ्या वेगळ्या रंगाच्या दिसतात म्हणून कोणी फेकून देतं, तर कोणी मुलीला ताकदीच्या म्हणून देतं.

बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येने काढली जात असल्याचं 2019 मध्ये उघड झालं, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. ज्या तक्रारींवर आधी औषधोपचार करून पाहायला हवा, तिथे बायकांना थेट ऑपरेशनच्या टेबलावर पाठवलं गेलं, हे त्या प्रकरणात दिसलं. अशा वेळी हार्मोनचे उपचार हा एक मधला मार्ग असतो. तो बाईला माहीतच नसेल, तर ती मागणार काय?

"गोळी घेतली तर पुढे मूल होत नाही" हा समज तर तुमच्या एका वाक्याने पुसला जाईल. गोळी बंद केल्यावर पाळीचं चक्र पुन्हा सुरू होतं, बहुतेकींना काही महिन्यांतच दिवस राहू शकतात. हे वाक्य शक्य झालं तर सासूबाईंसमोर म्हणा, त्याचा उपयोग जास्त होईल.

पाचवी तक्रार: आम्ही त्रास सांगतो तेव्हा तो उडवून लावू नका. पहिल्या दोन-तीन महिन्यांत मळमळ, मधेच डाग पडणं, छाती दुखरी होणं हे पुष्कळ जणींना होतं आणि बहुतेकदा थांबतं. एवढं आधी सांगितलंत तर अर्ध्या बायका पाकीट मधेच टाकणार नाहीत. वजनाबद्दलच्या अभ्यासांत गोळीमुळे फार वजन वाढतं असा पुरावा मिळालेला नाही, हेही सांगा. पण मन उदास होतं, रडू येतं, इच्छा मरते असं एखादीने सांगितलं तर "टेन्शन घेऊ नका" म्हणून विषय संपवू नका. डेन्मार्कमध्येच 2016 साली झालेल्या एका मोठ्या अभ्यासात हार्मोनची साधनं सुरू केलेल्यांत, विशेषतः किशोरवयीन मुलींत, नैराश्यावरच्या औषधांची गरज थोडी जास्त दिसली. सगळ्यांना होत नाही, पण जिला होतं तिला गोळी बदलून देता येते, साधन बदलता येतं. त्यासाठी आधी ऐकून घ्यावं लागेल.

सहावी गोष्ट अविवाहित मुलींची. पाळीच्या त्रासासाठी आलेल्या कॉलेजच्या मुलीला गोळी लिहून देताना आवाज खाली जातो, आईकडे नजर टाकली जाते, आणि गोळ्या कसल्या हे मुलीला घरी जाऊन मोबाइलवर कळतं. मग आई पाकीट लपवते किंवा फेकते. आणि ज्या मुलीला खरोखर गर्भनिरोधक हवंय, ती तुमच्या दारात यायचीच टाळते. रुग्ण म्हणून ती समोर बसली की तुमची बांधिलकी तिच्याशी. नवऱ्याशी, सासूशी किंवा सोसायटीतल्या ओळखीशी नाही.

आता औषधविक्रेत्यांना दोन शब्द. गणपती आले, घरात लग्न किंवा पूजा असली की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या तुमच्या काउंटरवरून सहज दिल्या जातात. त्या नॉरएथिस्टेरॉनच्या असतात. त्याचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, म्हणून गाठींचा इतिहास असलेल्या बाईने त्या डॉक्टरांना न विचारता घेऊ नयेत. आणि त्या गर्भनिरोधक नाहीत, हेही प्रत्येकीला कळायला हवं. कागदात गुंडाळून झटकन हातात कोंबण्याऐवजी "कधी गाठ झाली होती का? दिवस गेलेले नाहीत ना?" एवढं विचारा.

72 तासांच्या आत घ्यायच्या गोळीचंही तेच. ती गर्भपात करत नाही, अंडं बाहेर पडणं लांबवते. जितकी लवकर घ्याल तितकी चांगली. पण पुढच्या दिवसांसाठी तिचं संरक्षण नाही आणि दर महिन्याचा उपाय म्हणून ती उपयोगाची नाही. रोजच्या गोळीचा नियमही ग्राहकाला सांगा. एक गोळी विसरली तर आठवेल तेव्हा लगेच घ्यायची, त्या दिवशी दोन झाल्या तरी चालेल. लागोपाठ दोन किंवा जास्त विसरल्या तर पुढचे सात दिवस निरोध वापरायचा. अगदी काटेकोर घेतली तर वर्षभरात हजारात तीन जणींनाच दिवस जातात. प्रत्यक्षात विसरणं धरून शंभरात सात जणींना. हा फरक न सांगितलेल्या नियमाचाही आहे.

हे मी या शहरात बसून लिहिते आहे, याचं मला फार महत्त्व वाटतं. 1921 साली मुंबईत रघुनाथ धोंडो कर्व्यांनी संततिनियमनाचं केंद्र उघडलं. या विचारांपायी त्यांची विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी गेली. 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून त्यांनी शरीराविषयीच्या प्रश्नांना छापील, स्पष्ट मराठीत उत्तरं दिली. त्यासाठी खटले सोसले. 1934 च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली होती. 1953 मध्ये कर्वे गेले, तेव्हा गोळी बाजारात यायला अजून सात वर्षं होती. साधनं तुटपुंजी असताना त्या माणसाने माहिती लपवली नाही. आज तुमच्या हातात साधनं आहेत: माला-एन आहे, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली, हार्मोन नसलेली 'छाया' आहे, तीन महिन्यांनी घ्यायचं 'अंतरा' इंजेक्शन आहे, तांबी आहे, अंगावर पाजणाऱ्या आईसाठी फक्त प्रोजेस्टिनची गोळी आहे. आणि तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 37.9 टक्के विवाहित बायकांची नसबंदी झालेली, गोळी 5.1 टक्क्यांकडे आणि पुरुष नसबंदी 0.3 टक्के. नवरा सोबत आला असेल तर त्यालाही आत बोलवा आणि त्याच्या वाट्याचे पर्याय त्याला सांगा.

माझ्या मागण्या थोडक्यात लिहिते. गोळी सुरू करण्याआधी रक्तदाब मोजून चिठ्ठीवर लिहावा. तंबाखू-मशेरी, अर्धशिशी, गाठीचा इतिहास, अंगावर पाजणं आणि चालू औषधं हे पाच प्रश्न प्रत्येकीला विचारावेत. फायदे आणि धोके दोन्ही आकड्यांनिशी सांगावेत. तीन महिन्यांनी एकदा परत बोलवावं. आणि ठळक अक्षरांतलं एक पानी मराठी पत्रक प्रत्येक पाकिटाबरोबर द्यावं: कोणी घेऊ नये, विसरल्यास काय करावं, कोणत्या लक्षणांना तडक निघावं.

तुमच्या ओपीडीतली गर्दी मी पाहिली आहे, वेळ नसतो हे खरं आहे. म्हणूनच पत्रक मागते. तुमच्या संघटनांनी मजकूर तपासून द्यावा. मराठी नीट करण्याचं, झेरॉक्स काढण्याचं आणि मनोरीत घरोघर पोचवण्याचं काम आम्ही बायका करू. पण त्यातलं प्रत्येक वाक्य तुमचं असायला हवं, कारण गोळी तुमच्या सहीने आमच्या घरात येते.



आपली नम्र,
मनोरी गावातली एक रहिवासी